मदत हवी आहे: पेट्रोलच्या टाकीत पाणी, पण पेस्टचा रंग बदलत नाही

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात चुलते आणि मी मिळून पेट्रोल पंप चालवतो. काळी जमीन, कृष्णा जवळ. पावसाळ्यात टाक्यांभोवतीच्या मातीला आठवडेच्या आठवडे वाफसा येत नाही. पूर्वी डिप रॉडला (टाकीतली पातळी मोजायची दांडी) वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलणारी) लावून टाकीत सोडली की तळाशी रंग बदलायचा. पाणी उपसलं की काम झालं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून त्याचा भरवसा राहिला नाही. मागच्या पावसाळ्यात गिऱ्हाइकांच्या गाड्या बंद पडल्या. पेस्टवर नुसती फिकट छटा होती. तळातला नमुना काचेच्या बाटलीत घेतला, तर खाली वेगळा थर आणि मधे स्वच्छ रेघ! लोक विश्वासाने गाडी लावतात हो. पाणी येतं कुठून आणि खालचा थर परत मिसळता येतो का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
दादा, कराड भागात पंपांच्या देखभालीचं काम करतो. तो थर परत मिसळत नाही. त्यावर नवीन माल ओतू नका. थोडं पाणी इथेनॉल सामावून घेतं. १० टक्क्यांच्या मिश्रणात साधारण अर्धा टक्का, २० मध्ये त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता) उतरतो, म्हणून वरचंसुद्धा विकू नका. नोझल बंद ठेवा, कंपनीला कळवा, टाकी रिकामी करून घ्या. तळाच्या थरात इथेनॉलच जास्त, त्यामुळे जुनी पेस्ट फसते. इथेनॉल मिश्रणासाठीची पेस्ट वेगळी मिळते, तीच मागा.

पाणी बहुतेक वेळा वरूनच शिरतं. फिल पाइपच्या (टँकरमधून टाकीत माल ओतायचा पाइप) झाकणाचं गॅसकेट (पाणी अडवणारी रबरी चकती) बोटाने दाबून बघा, कडक झालं असेल तर बदला. त्या पाइपाभोवतीच्या चेंबरमध्ये (खड्ड्यात) पाणी साचलेलं असताना झाकण कधीच उघडू नका, आधी ते उपसून पुसून घ्या. मॅनहोलच्या बोल्टची पकड आणि व्हेंट पाइपची (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप) टोपीही बघा. टँकर खाली करण्याआधी त्याच्या तळाचा नमुना घ्या. पुराचा इशारा आला तर टाकी भरलेली ठेवा, रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते.

मूळ लेखक:
मनापासून आभार. गॅसकेट उद्याच बदलतो. एक शंका राहिली: आमची टाकी फिल पाइपच्या उलट बाजूला थोडी कललेली आहे. मग फिल पाइपच्या बाजूला डिप घेऊन काय उपयोग?

प्रतिसाद:
बरोबर ओळखलंत. पाणी खालच्या टोकाला जमतं, डिप तिथेच घ्यायला हवा. त्या बाजूच्या मॅनहोलवर डिप घेण्याची सोय आहे का, ते कंपनीच्या माणसाला आधी विचारा.