कण्याचा संधिवात: गोळ्यांनी भागेना, इंजेक्शन सुरू करू का?

प्रश्न:
वय ३१. दोन वर्षांपूर्वी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं निदान झालं, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण) पॉझिटिव्ह. नेप्रोक्सेन ही सूज-वेदनेची गोळी घेतो, तरी पहाटे कंबर अशी जखडते की कूस बदलायला पलंगाची कड धरावी लागते. डॉक्टर आता बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीतला सूज वाढवणारा ठराविक घटक रोखणारं इंजेक्शन, म्हणताहेत. मावशीला हातांच्या संधिवातावर मेथोट्रेक्सेट लागू पडलं. आधी ते घेऊन बघू का? इंजेक्शनची भीती वाटते.

प्रतिसाद १:
पलंगाच्या कडेचं वाचलं आणि माझ्या जुन्या रात्री आठवल्या. मेथोट्रेक्सेटवर माझं दीड वर्ष गेलं, म्हणून कळकळीने सांगते. हातांच्या सांध्यांना ते चांगलं, कण्याला त्याचा उपयोग होत नाही. सल्फासालाझिन ही दुसरी गोळीही गुडघे-घोटे सुजले तरच.

नेप्रोक्सेन रोज नेमाने घेता, की दुखलं की? पोट, किडनी, रक्तदाब ठीक असेल तर डॉक्टर अशी सूज-वेदनेची एक गोळी पूर्ण मात्रेत दोन-चार आठवडे देतात, मग दुसरी. दोन्हींनी भागलं नाही तर इंजेक्शन.

मी अडालिमुमॅब हे बायोलॉजिक घेते, ४० मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. इंजेक्शनचं पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवते. गार असलं की जास्त चुरचुरतं. मांडीवर टेकवायचं, खट्ट वाजलं की सावकाश आकडे मोजायचे, झालं. तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी मोजे घातले आणि मग लक्षात आलं, आज नवऱ्याला हाक मारलीच नाही.

प्रतिसाद २:
सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी कराच, हिपॅटायटिस बीचीही. माझ्यात सुप्त क्षय (जंतू अंगात, पण लक्षणं नाहीत) निघाला, आधी त्याच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. डोळे किंवा आतड्यांचा त्रास असेल तर तोही सांगा, औषध त्यावरून ठरतं.

प्रश्नकर्ता:
गोळी दुखलं तरच घेत होतो. गेल्या वर्षी एक डोळा लाल झाला होता, उजेड सोसवत नव्हता. आठवड्यात बरा झाला, म्हणून बोललो नाही.

प्रतिसाद १:
अहो, हे डॉक्टरांना नक्की सांगा! ते युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, असू शकतं. तसं असेल तर इटानरसेप्ट या दुसऱ्या बायोलॉजिकपेक्षा अडालिमुमॅबसारखं औषध बरं. आतड्यांना सूज असती तर सेक्युकिनुमॅब हे बायोलॉजिक टाळलं असतं. आणि पुन्हा डोळा लाल झाला तर वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.