जर्सी सिटीत चार्टर शाळा: रिझल्ट आणि खर्च नेमका कसा बघायचा?

मृण्मयी_जेसी: लेक सप्टेंबरला केजीत जाईल. घराजवळच्या चार्टर शाळेत चिठ्ठ्या टाकून प्रवेश देतात, त्या लॉटरीचा फॉर्म भरून ठेवलाय, रेटिंग साईटवर तिला दहापैकी आठ आणि गल्लीतल्या डिस्ट्रिक्ट शाळेला चार. पण नवरा म्हणतो चार्टर म्हणजे प्रायव्हेटच, पुढे फी मागतील, आणि मैत्रीण म्हणते पोरांवर खर्चच करत नाहीत. कोणाची मुलं आहेत का तिथे?

खडूफळा: फी नाही हो ताई, ती पब्लिक शाळाच, फक्त ती शहराचं स्कूल डिस्ट्रिक्ट नाही तर तिचं स्वतःचं बोर्ड चालवतं. न्यू जर्सीत 1995 च्या कायद्यापासून आहेत. पैसा डिस्ट्रिक्टकडून मुलामागे जातो, कायद्यात 90 टक्के लिहिलंय पण काही एड, म्हणजे सरकारी मदत, त्यात धरतच नाहीत, म्हणून हातात कमी येतं. वर इमारतीसाठी राज्य सहसा वेगळं देत नाही, म्हणजे भाडं जातं ते वर्गाच्याच पैशातनं. त्यामुळे मुलामागे खर्च किती हा एकच आकडा बघून काही कळत नाही. ऑडिट रिपोर्ट मागा, त्यात भाडं किती, चालवणारी बाहेरची संस्था असेल तर तिची मॅनेजमेंट फी किती आणि शिकवण्यावर किती, ते बघा.

आठवीचा_बाप: आणि ते आठ-चार सोडा आधी. राज्याची परीक्षा तिसरीपासून आहे, केजी ते दुसरी कसं शिकवतात ते त्यात येतच नाही. राज्याने ठरवलेला स्कोअर गाठला म्हणजे पास समजा, पण किती टक्के पास हे बरंचसं मुलं कुठल्या घरातनं आली त्यावर ठरतं. राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमधे ग्रोथ, म्हणजे मुलं वर्षभरात किती पुढे गेली ते बघा, ती चौथीपासून असते. आधी तेवढेच मार्क असलेल्या मुलांशी तुलना करतात, 50 म्हणजे मधोमध. शिवाय छोट्या शाळेत वर्गात चाळीस मुलं, चार जण इकडचे तिकडे झाले की दहा टक्के हलले! केजीत साठ आणि पाचवीत पस्तीस मुलं दिसली तर मधली कुठे गेली आणि त्या जागा का नाही भरल्या ते विचाराच.

पोहेवाली: एवढं एक्सेल कशाला? जाऊन वर्ग बघा. आमचा धाकटा चार्टरमधे मजेत आहे.

खडूफळा: मजेत आहे ते छानच, पण स्पीच थेरपी वगैरे लागणाऱ्या मुलाच्या आईला वर्ग बघून कसं कळणार, थेरपिस्ट रोज येतो का आठवड्यातनं एकदा? बोर्डाची मीटिंग सगळ्यांना खुली असते, बजेट मंजूर करतात त्या मीटिंगला जाऊन बसा.

मृण्मयी_जेसी: रिपोर्ट काढला. पासवाले चार्टरमधे जास्त, पण ग्रोथ चक्क डिस्ट्रिक्ट शाळेची बरी निघाली, आणि घरी दुसरी भाषा असलेली, इंग्लिश नव्याने शिकणारी मुलंही तिथेच जास्त आहेत. आता फॉर्म मागे घेऊ का?

आठवीचा_बाप: अजिबात नको. लॉटरीत नंबर लागला म्हणजे घ्यायलाच हवं असं थोडीच आहे. डिस्ट्रिक्टचं रजिस्ट्रेशनही करून ठेवा, अ‍ॅड्रेस प्रूफ आणि लसीकरणाचे कागद आत्ताच जमवा, ऐनवेळी तेच सापडत नाहीत.