उत्तर: क्रौंच सहल – बस नक्की किती वाजता??

अनघा (सचिव)
मंडळी, आपल्या नेब्रास्कातल्या क्रौंच (सँडहिल क्रेन) बघायच्या सहलीच्या पत्रकात "रविवार ८ मार्च, पहाटे २:३०, ओमाहा" असं छापलंय. त्या पहाटे अडीच वाजणारच नाहीत. उन्हाळी वेळ सुरू होते, दोनला घड्याळं उडी मारून तीनवर जातात. मग बस दीडला की साडेतीनला? बसवाल्यांना आज रात्री कळवायचंय.

सुधीर
अनघा, बसचं काम सात वर्षं मी बघतोय. हिशोब साधा आहे. कार्नीच्या ब्लाइंडमध्ये (पक्षी लपून बघायच्या खोलीत) ६:३० ला घेतात, म्हणजे आपण ६:१५ ला दारात. ओमाहा ते कार्नी तीन तास, वाटेत लिंकन गावची माणसं गोळा करायला पाऊण तास. सव्वासहातून पावणेचार वजा, अडीच. गेल्या वर्षीही अडीचच होते आणि एकही पक्षी चुकला नाही.

वैशाली
गेल्या वर्षी आपण मार्चच्या शेवटी गेलो होतो, सुधीरकाका! आणि लिंकनकर वेळेवर होते, बस भलत्या पार्किंगमध्ये होती. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन मी वीस मिनिटं कुडकुडत उभी होते.

यंदा चिवडा कोणी प्लास्टिकच्या पिशवीत आणू नये. गेल्या खेपेला ऐन शांततेत ती पिशवी अशी कुरकुरली की गाइडबाईंनी मागे वळून नुसतं बघितलं. पुरे झालं तेवढं.

मकरंद, स्कॉट्सब्लफ
आम्हा पश्चिमवाल्यांचं काय? शनिवारी गाडीनं येऊन कार्नीलाच मुक्काम करतोय. ओगलाला सोडून नॉर्थ प्लॅटकडे निघालं की आमची माउंटन वेळ संपून तुमची तासभर पुढची सेंट्रल वेळ लागते, एक तास गेला. रात्री झोपेत दुसरा. संक्रांतीला "जेवण एकला" वाचून मी माझ्या एकला पोचलो, तुमचे दोन वाजले होते. गुळपोळी एक उरली होती, तीही तुटकी. तेव्हा वेळेपुढे "सेंट्रल" लिहा.

वैशाली
मकरंद, तुझ्यासाठी दोन झाकून ठेवल्या होत्या. कोणी खाल्ल्या ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

नाना
हा घोळ रेल्वेचा. १८ नोव्हेंबर १८८३ ला रेल्वे कंपन्यांनी आपसात वेळेचे पट्टे पाडले, सरकारी कायदा व्हायला १९१८ उजाडलं. त्याआधी गावागणिक बारा वेगळे. आपलं राज्य इतकं आडवं पसरलंय की पूर्वेला मिझुरी नदीकाठी सूर्य उगवल्यावर पश्चिमेला वायोमिंगच्या हद्दीवर उगवायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो.

मुद्द्याचं म्हणजे, कार्नीला शनिवारी सूर्योदय सातच्या सुमारास आहे, रविवारी आठच्या. पक्ष्यांना कोणी कळवलेलं नाही. ते रात्रभर प्लॅट नदीच्या घोटाभर पाण्यात उभे असतात, म्हणजे कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो. उजाडलं की मक्याच्या शेतात सांडलेले दाणे टिपायला जातात. पूर्वी नदी फार रुंद होती. वरच्या अंगाला धरणं झाली (किंग्सलीचं १९४१ चं), पाणी कालव्यांना गेलं, पात्रात झाडं माजली. आता पाच लाखांवर क्रौंच ऐंशीएक मैलांच्या पट्ट्यात दाटीवाटीनं उतरतात. गर्दी बघून आपण खूश होतो, त्यांची मात्र अडचण आहे.

येताना उजेडात शेतांकडे बघा. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं माणशी १६० एकर मिळत, तो चौकोन अजून मोडलेला नाही. त्यात फिरत्या नळाचं एक वर्तुळ बसतं, साधारण १३० एकरांचं. कोपरे कोरडे. पाणी ओगलाला नावाच्या भूजलसाठ्याचं.

मकरंद, स्कॉट्सब्लफ
नाना, आमच्याकडचं साखरेचं बीटही त्याच नदीच्या कालव्यांवर. आणि इथली साखर कंपनी २००२ मध्ये बीटवाल्या शेतकऱ्यांनीच सहकारी करून विकत घेतली. माझे सासरे श्रीरामपूरचे. त्यांना हे सांगितल्यावर पहिला प्रश्न, "चेअरमन कोण?"

स्नेहल
नमस्कार, मी नवीन आहे. क्रौंच म्हणजे करकोचाच ना? जायकवाडीला कांड्या करकोचे बघितले होते.

नाना
स्नेहल, कांड्या करकोचा क्रौंचाच्याच घरातला. नुसत्या "करकोचा"वर मात्र भांडण होईल, कारण स्टॉर्कलाही तेच म्हणतात. वेगळा धागा काढ.

अनघा (सचिव)
धागा नका काढू! बसचं सांगा. सुधीरकाका, तुमच्या हिशोबातला ६:१५ नव्या वेळेचा आणि २:३० जुन्या. जुन्या अडीचला निघालो तर नव्या सव्वासातला पोचू. दार लागलेलं असेल, आणि पक्षी उडेपर्यंत ते कोणालाही आत-बाहेर सोडत नाहीत.

सुधीर
मी तेच म्हणत होतो, फक्त छापताना राहिलं. बस १:३० ला, सेंट्रल, जुनी वेळ. लिंकनकरांसाठी पार्किंगचा नकाशा मी स्वतः पाठवतो, दुसऱ्या कोणी पाठवू नये.

स्नेहल
शनिवारी रात्री दीड म्हणजे शुक्रवारी झोपायचं नाही, की शनिवारी?