टेक्सासमध्ये रात्री रानडुकरं ओळखायला कोणता थर्मल स्कोप? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ब्राझोस नदीकाठी आमच्या शेजारच्या काकांचा गुरांचा रँच आहे. डुकरांचा कळप एका रात्रीत कुरण नांगरल्यासारखं उकरून टाकतो. गवताचे गड्डे मुळांसकट उलटे, ओल्या मातीत खुरांचे ठसे. त्यांनी मला शिकारीची परवानगी दिली आहे. (खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की २०१९ पासून इथे डुकरांसाठी हंटिंग लायसन्स लागत नाही.)

अडचण आहे ती ओळख पटवण्याची. उसना आणलेला ३८४ बाय २८८ पिक्सेलचा थर्मल स्कोप (उष्णतेवरून चित्र दाखवणारी, रायफलवर बसवायची दुर्बीण) दीडशे यार्डांवरची ऊब लगेच दाखवतो, पण उंच गवतात ते डुक्कर की बसलेलं वासरू, हे कळत नाही. झूम वाढवला की नुसते चौकोन दिसतात. पावसानंतरच्या दमट रात्री तर सगळंच राखाडी. खात्री नसेल तर मी चाप ओढणार नाही.

६४० पिक्सेल रुंदीचा सेन्सर घेतला तर खरंच फरक पडेल, की मोठी लेन्स जास्त कामाची? की टेहळणीला वेगळा हातातला मोनोक्युलर (एका डोळ्याने बघायची दुर्बीण) घेऊ? रायफलवरच्या स्कोपमधून शोधायचं म्हणजे नळी गुरांवर रोखायची, ते मला अजिबात पटत नाही. दमट भागात वापरलेल्यांनी कृपया सांगा.