साधर्म्यावरून ठरवलेले जनुकाचे कार्य

जनुकाचा क्रम ज्ञात जनुकाशी जुळला की संगणक त्याचे कार्य सांगतो, असे म्हटले जाते. त्या विधानात भर घालणे मला आवश्यक वाटते. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१६ मध्ये अवघ्या ४७३ जनुकांवर जगणारा जिवाणू घडवला, आणि सर्व तऱ्हेने ताडून पाहिल्यावरही त्यांपैकी १४९ जनुकांचे नेमके कार्य सांगता आले नाही.

त्या पेशी विभागताना वेडेवाकडे, लहानमोठे आकार घेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जिवाणू घडवताना वगळलेली सात जनुके एकत्र परत बसवल्यावर विभाजन सुरळीत झाले. त्यांत एफटीएसझेड हे पेशीविभाजनाचे सुपरिचित जनुक होते, पण पाचांचे कार्य तेव्हाही अज्ञातच होते. एकेक जनुक सुटे तपासून हे उलगडले नसते, असे माझे मत आहे.

साधर्म्यावरून दिलेले चुकीचे वर्णन पुढच्या जीनोमच्या (सजीवाच्या संपूर्ण जनुकसंचाच्या) नोंदींत जसेच्या तसे उतरते, ही मला सर्वांत गंभीर अडचण वाटते. म्हणूनच जीन ऑन्टॉलॉजी या जनुककार्यांच्या नोंदसंग्रहातील प्रत्येक नोंदीचा पुरावा-संकेत, म्हणजे ती कशाच्या आधारे केली हे सांगणारी खूण, आवर्जून पाहावा. तिथे ‘आयईए’ (इलेक्ट्रॉनिक नोंदीवरून काढलेला निष्कर्ष) असेल, तर ती नोंद स्वयंचलित असून कोणा तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासलेली नसते.