होस्टाची पानं दरवर्षी लहान का होतायत?

सावलीपट्टी
पुण्यात सहकारनगरला तळमजल्यावर राहते. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये उत्तरेला तीन फुटांची पट्टी आहे, ऊन जवळजवळ नाहीच. दोन वर्षांपूर्वी हौसेने ऑनलाइन होस्टाचा (सावलीत, पानांच्या शोभेसाठी लावतात ते परदेशी झाड) गड्डा मागवला, 'पँडोराज बॉक्स'. वीतभरही न वाढणारी जात, पान मध्ये पांढरं आणि कडेने हिरवं. पहिल्या पावसाळ्यात पान जुन्या रुपयापेक्षा मोठं होतं, येईल त्याला ओढून नेऊन दाखवायचे. गेल्या वर्षी चार आण्याएवढं. यंदा तीनच पानं, करंगळीच्या नखाएवढी, त्यातलं एक गोगलगायीने संपवलं. गांडूळखत घालते, पाणी तुंबत नाही. नवरा म्हणतो झाड तुला कंटाळलंय. काय चुकतंय?

कुंडीवाला_कोथरूड
खत नाही, झोप कमी पडतेय. होस्टा मूळचा जपान-कोरिया-चीनकडचा. तिकडे थंडीत पानं झडतात, गड्डा कित्येक आठवडे ५ अंशांखाली पडून राहतो आणि मग जोमाने फुटतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी परत ३० च्या आसपास. डोळा लागतोय तोवर आपण उठवतो त्याला. त्यात मधल्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, सगळा संसार त्या हिरव्या काठावर. गड्ड्यातला साठा आटला की पान बारीकच येणार.

सावलीपट्टी
म्हणजे फ्रीजमध्ये ठेवू??

कुंडीवाला_कोथरूड
हो. नोव्हेंबरअखेर पाणी तोडा, पानं वाळली की गड्डा काढा, माती झाडा. जेमतेम ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), भोकं पाडलेली पिशवी, भाजीचा कप्पा, ८ आठवडे. शेजारी सफरचंद-केळी नकोत, पिकत्या फळांच्या वायूने कोंब बिघडतो. आणि पिशवीवर नाव घाला. माझा गड्डा आमच्या आईने आलं समजून चहासाठी धुवायला घेतला होता.

भुईमाय
एवढे लाड कशाला गं? भुईचाफा लाव. आपल्या हवेत रुळलेला, सावलीत खूश. उन्हाळ्यात पान नसताना थेट मातीतून फूल येतं, पांढरं-जांभळं, वासाचं. पावसाळ्यात पानं, वरून रुपेरी नक्षी, खालून जांभळट. झोपतो तोही, पण आपल्या कोरड्या हवेत. हिवाळ्यात गायब झाला की मेला समजून पाणी घालत बसू नकोस, कंद कुजतो. माझे पहिले दोन असेच घालवले. अमेरिकेच्या गरम दक्षिण भागात याचेच भाऊबंद होस्टाच्या जागी लावतात. पान मात्र वीत-दीड वीत, तुझ्या होस्टासारखं नाजूक नाही.

सावलीपट्टी
भुईचाफा! माहेरी न्हाणीमागे होता, फूल दिसायचं ते शाळेला सुट्टी लागल्यावर. कंद आत्ता मिळेल?

भुईमाय
आत्ता पानांसकट कुंडीच घे. नुसते कंद हवे असतील तर मार्चपर्यंत थांब.

सावलीपट्टी
कुंडी घेते. होस्टालाही एक हिवाळा देऊन बघते, पिशवीवर ठळक 'आलं नाही' लिहून.