सल्ला हवा: सह्याद्रीत रेंज ट्रेकला (सलग एकापेक्षा जास्त गड) पाण्यासाठी हलका फिल्टर कोणता घ्यावा?

रानपाखरू_नाशिक
नमस्कार मंडळी. जानेवारीत रतनगड ते हरिश्चंद्रगड करतोय, रतनवाडीतून चढून कात्राबाईच्या खिंडीने कुमशेत आणि मग पाचनई. चौघं आहोत, तीन दिवस, सगळं सामान पाठीवर. तोवर ओढे आटलेले असणार, त्यामुळे भिस्त गडांवरच्या टाक्यांवर (कातळात खोदलेली) आणि गावातल्या विहिरींवर. २०० ग्रॅमच्या आतलं काहीतरी हवंय, बजेट चौघांचं मिळून २००० रुपये. मागच्या ट्रेकनंतर ग्रुपमधल्या एकाला कावीळ झाली होती म्हणून विचारतेय. स्वतः वापरलेल्या वस्तूंबद्दलच सांगा प्लीज.

सह्यसखा
सॉयर स्क्वीझ घ्या, डोळे झाकून. ०.१ मायक्रॉनची छिद्रं, वजन शंभर ग्रॅमच्या आत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच साध्या पाण्याच्या बाटल्यांना आटे बसतात. बजेटच्या बाहेर जाईल पण चौघांत काय ते. घरी आल्यावर पिचकारीने उलटं पाणी मारून धुवायचा.

कड्यावरचा_गणपा
सॉयर +१. हलका आहे.

दुर्गभ्रमंती_६२
आम्ही उभा सह्याद्री पालथा घातला तेव्हा हे फिल्टरबिल्टर काही नव्हतं. उपरणं चौपदरी करायचं, गाळायचं, प्यायचं. आजही तेच करतो आणि ठणठणीत आहे. उगाच पैसे घालवू नका.

लॅबवाली
काका, कापडाने नारूचे सायक्लॉप्स (नारूचे जंत वाहून नेणारे पाण्यातले बारीक जीव) अडायचे हे अगदी खरं, आणि तो रोग घालवण्यात त्या गाळण्याचा मोठा वाटा आहे (२००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला). पण कावीळ सायक्लॉप्समुळे होत नाही. हिपॅटायटिस ए आणि ई चे विषाणू साधारण ०.०३ मायक्रॉनचे, म्हणजे कापड सोडाच, ०.१ वाल्या फिल्टरमधूनही आरपार जातात. ताईंनी काविळीचं लिहिलंय आणि वर सगळे नुसता फिल्टर सांगताय! फिल्टरनंतर क्लोरीन किंवा मग उकळणं, दोन्हीपैकी एक हवंच.

डेन्व्हरकर
इकडे रॉकीजमध्ये आम्ही फक्त बीफ्री वापरतो, मऊ बाटलीला वरच फिल्टर, वाकून भरली की लगेच प्यायची. गोळ्या कोणी बाळगत नाही. एकच जपायचं, रात्री थंडीत फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा. ओला फिल्टर एकदा गोठला की आतल्या नळ्या चिरतात, बाहेरून काही दिसत नाही, सरळ टाकून द्यायचा.

लॅबवाली
तिकडे वर वस्ती नसते हो, मुख्य काळजी जिआर्डियासारख्या मोठ्या जंतूंची. आपल्याकडे टाक्याच्या वरच्या अंगाला गुरं असतात, माणसं असतात, आणि लोक झाडामागे कुठे बसतात ते सगळ्यांना माहितीये. काविळीचे हे विषाणू मुख्यतः माणसाकडूनच येतात.

पुणेरी_पाऊल
मी टीडीएस मीटर नेतो. हरिश्चंद्रगडावर रीडिंग इतकं कमी आलं की घरच्या आरओपेक्षा चांगलं, तसंच प्यालो. मीटर २०० रुपयांत येतो, बजेटमध्ये पण बसतो.

लॅबवाली
नका हो असं सांगू. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. पावसाच्या पाण्याच्या टाक्यात क्षार कमी असणारच, जंतूंचा त्यात काही संबंध नाही.

पुणेरी_पाऊल
मला आजवर काही झालेलं नाही. ज्याचा त्याचा अनुभव.

गडकोट_सेवेकरी
अवांतर आहे पण लिहितोच. पिण्याच्या टाक्यात हात, पाय, खरकटी भांडी काहीही बुडवू नका! देवळाजवळच्या टाक्यांवर लोक साबण लावून तोंड धुताना पाहिलेत, दोरीला बाटली बांधून पाणी वर काढायला काय त्रास होतो? आम्ही उन्हाळ्यात टाक्यांतला गाळ उपसतो आणि डिसेंबरपर्यंत परत वेफर्सची पाकिटं तरंगत असतात. पाण्यावर हिरवी साय असेल तर ते टाकं सोडा, तो दोष उकळूनही जात नाही. कोणतं टाकं पिण्याचं ते खालच्या गावात विचारून घ्या.

कड्यावरचा_गणपा
सेवेकरी, १००% सहमत. कोकणकड्यावर प्लॅस्टिक तर इतकं झालंय की यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

बदलापूरचा_बंड्या
मी ऑनलाइन एक स्वस्तातली फिल्टर स्ट्रॉ घेतली होती, नाव लिहीत नाही. दुसऱ्याच दिवशी गढूळ टाक्यावर चोक झाली, ओढून ओढून गाल दुखले पण थेंब येईना आणि परत पाठवायची मुदत संपलेली. स्ट्रॉ अजिबात नको, त्यातून भांडं पण भरता येत नाही. गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग वरचं पाणी घ्या.

रानपाखरू_नाशिक
सगळ्यांचे आभार. लॅबवाली, क्लोरीनच्या गोळ्यांचं जरा नीट सांगाल का? नुसत्या गोळ्यांवर भागेल?

लॅबवाली
पाकिटावर गोळी किती लीटरची ते आधी बघा, १ लीटरची वेगळी असते आणि २० लीटरची वेगळी, एकाच दुकानात दोन्ही मिळतात. पाणी गाळून घ्या, गोळी टाका, बूच थोडं सैल करून बाटली उलटी करा म्हणजे आट्यांनाही ते पाणी लागेल, मग अर्धा तास थांबा. पाणी गार असेल तर जास्त. लिंबू किंवा व्हिटॅमिन सी वालं सरबत त्या अर्ध्या तासानंतरच टाका, आधी टाकलंत तर क्लोरीन मरतं. फक्त क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब करणारा एक जंतू) क्लोरीनला दाद देत नाही, त्याला फिल्टर किंवा उकळणं. म्हणून म्हणतेय दोन्ही न्या.

सह्यसखा
म्हणजे सॉयर + गोळ्या. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

रानपाखरू_नाशिक
घरी बोलणं झालं. आम्ही फिल्टरही घेत नाही आणि गोळ्याही नाही, दोघांना त्या वासाने मळमळतं. स्टोव्ह नेणारच आहोत, रोज रात्री कापडाने गाळून उकळणार आणि सकाळी बाटल्या भरून निघणार.

डेन्व्हरकर
गॅसचा हिशोब केलाय का? लीटरला १०-१५ ग्रॅम धरा. चौघांचं रोजचं १२ लीटर म्हटलं तर रात्रीत १२० ते १८० ग्रॅम गॅस, स्वयंपाक वेगळा. २०० ग्रॅमच्या आत हवं होतं ना?

रानपाखरू_नाशिक
हो, २३० चा एक कॅन जास्तीचा चौघांत वाटून नेऊ. रतनवाडी आणि कुमशेतला कुणाच्या घरी चुलीवर पाणी उकळून मिळालं तर त्यांना पैसे देऊ.

लॅबवाली
उकळणं सगळ्यात खात्रीचं, फक्त खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवा आणि झाकूनच गार करा. तरी गोळ्यांची एक पट्टी सोबत असू द्या, वाटेत पाणी संपलं तर रात्रीपर्यंत काय करणार?

दुर्गभ्रमंती_६२
चुलीवरच्या पाण्याला धुराचा वास येतो, पण पोटाला उत्तम.

बदलापूरचा_बंड्या
सह्यसखा, तुमचा जुना फिल्टर विकायचा आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.